वाचनालयातले नऊ कॉम्प्युटर, लिंका आणि पॅकेजं : कामाच्या नोंदी

१२ जुलै २०२५, शनिवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय, कारण उन्हाळ्यात काय केलं होतं ते आता मलाच आठवेना आणि वाचनालय सांभाळणारे काका परत परत विचारत होते की बाई हे तीन नंबरचं मशीन असं का करतंय. जागा आपली खानापूर तालुक्यातली, गावचं वाचनालय, बेळगावातून बसने तास-सव्वा तास आणि पावसात किती ते सांगता येत नाही. नऊ मशीन आहेत, सगळी देणगीतली. सात ६४ बिटची, दोन जुनी ३२ बिटची. सगळ्यांवर डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार) आहे पण प्रत्येक मशीन वेगळ्या माणसाने वेगळ्या वेळी घातलंय, त्यामुळे एकावर मराठी नीट दिसतं तर कन्नड जोडाक्षरं फुटतात आणि दुसऱ्यावर बरोबर उलटं. इथे दोन्ही भाषा लागतात, सकाळी पेपर वाचायला येणारी मंडळी मराठी आणि दुपारी शाळेची पोरं कन्नडची पुस्तकं उघडतात, एकीचं नीट आणि दुसरीचं मोडकं असं चालणारच नाही.

काम काय ते एका ओळीत: नऊच्या नऊ मशीनवर सारखंच सामान यावं, इंटरनेट नसताना यावं, आणि उद्या मी नसले तरी काकांना किंवा कुणालाही ते परत घालता यावं.

आज फक्त पाहणी केली. फाइंड कमांडला एक्सटाइप एल देऊन तुटलेल्या लिंका शोधल्या, तीन नंबरवर अकरा निघाल्या. तुटलेली म्हणजे लिंक जागेवर आहे पण ती जिकडे बोट दाखवते तिथे काहीच नाही.

सेकंड पीयूसीत, म्हणजे बारावीत शिकणारी एक मुलगी सुट्टीच्या दिवशी मदतीला येते, तिने विचारलं ताई लिंक म्हणजे नेमकं काय, शॉर्टकट का. तिला एलएस एल मारून मुळातली बिन डिरेक्टरी (म्हणजे फोल्डर) दाखवली. डेबियन १२ मध्ये ती खरी डिरेक्टरी नाहीच, यूएसआर बिनकडे जाणारी सिमलिंक आहे. आकाराच्या रकान्यात ७ लिहिलेलं. म्हणलं हे सात कसले ते तूच सांग. ती थोडा वेळ बघत बसली आणि मग बोटावर मोजलं, यू एस आर, तिरकी रेघ, बी आय एन, सात! मग तिनेच एसबिनचं बघितलं, तिथे ८. झालं, याच्यापेक्षा चांगलं मी समजावून सांगूच शकत नाही, सिमलिंक म्हणजे एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर फक्त पत्ता लिहिलाय, त्या पत्त्यावर घर आहे का पडलं ते चिठ्ठीला माहीत नसतं.

१३ जुलै, रविवार

घरी लॅपटॉपवर बसून मेटापॅकेज केलं. पॅकेज म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमचं किंवा फॉन्टचं बांधून ठेवलेलं सामान. मेटापॅकेज म्हणजे ज्याच्यात स्वतःचं काहीच नसतं, फक्त यादी असते की मला हे हे लागतं, मग ते घातलं की एपीटी, म्हणजे डेबियनचं पॅकेजं आणून घालणारं टूल, बाकीचं सगळं ओढून आणतं. इक्विव्हज नावाचं टूल आहे, त्यात एक कंट्रोल फाइल भरायची आणि बिल्ड म्हणायचं, दोन मिनिटात डेब फाइल, म्हणजे बांधलेलं पॅकेज, हातात. पॅकेजचं नाव मराठीत द्यायची फार इच्छा होती पण नावात छोटी इंग्रजी अक्षरं, आकडे, अधिक, उणे आणि टिंब एवढंच चालतं. वर्णन मात्र मराठीत लिहिलंय, ते चालतं.

डिपेंड्समध्ये टाकलं: लिब्रेऑफिस, देवनागरीच्या फॉन्टांचं मेटापॅकेज, कन्नडच्या फॉन्टांचं मेटापॅकेज (त्यात गुब्बी, नविलू आणि लोहित कन्नड येतात), आयबस (वेगवेगळ्या भाषांत टाइप करू देणारा प्रोग्रॅम) आणि त्याचं एम१७एन, म्हणजे मराठी इनस्क्रिप्ट आणि कन्नडचा केजीपी असे दोन्ही कीबोर्ड मिळतात.

रेकमेंड्समध्ये काय घालायचं याच्यावर बराच वेळ गेला. डिपेंड्स म्हणजे याच्याशिवाय चालणारच नाही. रेकमेंड्स म्हणजे असायला पाहिजे पण कुणी जाणूनबुजून काढलं तर मोडू नये, एपीटी ते आपोआप घालतं पण हट्ट धरत नाही. सजेस्ट्स म्हणजे नुसती सुचवणी, आपोआप येत नाही. ३२ बिटच्या दोन मशीनवर डिस्क लहान आहे म्हणून मोठे शब्दकोश आणि मुलांचे खेळ रेकमेंड्समध्ये ठेवले, फॉन्ट डिपेंड्समध्ये. फॉन्ट सुचवणी नाहीत, ते नसतील तर वाचनालय नाही.

१९ जुलै, शनिवार

पाच नंबरवर पहिल्यांदा घातलं, छान चाललं. मग यादीत एक सुधारणा करायची होती म्हणून मी जुनं मेटापॅकेज रिमूव्ह केलं आणि सवयीने लगेच ऑटोरिमूव्ह मारलं. सगळे फॉन्ट गेले, आयबस गेलं, लिब्रेऑफिस गेलं.

कारण सरळ आहे आणि ते लिहून ठेवायलाच पाहिजे. एपीटी प्रत्येक पॅकेजच्या नावापुढे लक्षात ठेवतं की हे माणसाने मागितलं का दुसऱ्या कुणासाठी आपोआप आलं. मी फक्त मेटापॅकेज मागितलं होतं, बाकी सगळं त्याच्या नात्याने आलेलं. नात्याचं माणूस उठून गेल्यावर मांडवात बसलेल्या बाकीच्यांना कोण ओळखणार. जुनं काढून नवीन घालायचं नसतं, नवीन व्हर्जनचा नंबर वाढवून वरूनच अपग्रेड करायचं, मग मधे एक क्षणही नातं तुटत नाही. आता व्हर्जन १.१ केलं आणि काकांसाठी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं: रिमूव्ह करायचं नाही, वरूनच घालायचं. आणि फॉन्टांची दोन पॅकेजं एपीटी मार्कने मॅन्युअल करून टाकली, म्हणजे काही झालं तरी ती राहतील.

लाइट चार वाजता गेली. साडेसहापर्यंत वाट बघितली आणि शेवटची बस धरली.

२ ऑगस्ट, शनिवार

पेन ड्राइव्हचा दिवस. बेळगावात नेट चांगलं आहे म्हणून तिथे सगळ्या डेब फाइली उतरवून इकडे आणायच्या असा बेत. दोन ठिकाणी अडकले.

पहिलं म्हणजे मी लॅपटॉपवर एपीटीला फक्त डाउनलोड कर म्हणलं होतं आणि इथे येऊन बघते तर निम्म्या डिपेंडन्सी नाहीतच. का? तर माझ्या लॅपटॉपवर त्या आधीच बसलेल्या होत्या, एपीटीच्या दृष्टीने उतरवायची गरजच नव्हती. त्याचं काही चुकलं नाही, मी विचारलं ते माझ्या मशीनसाठी, मला पाहिजे होतं ते वाचनालयाच्या मशीनसाठी. उपाय असा की डीबूटस्ट्रॅपने एका फोल्डरमध्ये कोरं डेबियन १२ उभं करायचं आणि त्याच्या आत जाऊन डाउनलोड करायचं. ३२ बिटचंही तसंच वेगळं कोरं करता येतं, ६४ बिटच्या लॅपटॉपवरसुद्धा. पुढच्या आठवड्यात दोन्ही करून आणते.

दुसरं सिमलिंकचं. भांडाराचं, म्हणजे सगळी पॅकेजं जिथे साठवायची ते अख्खं फोल्डर सीपी ए करून पेन ड्राइव्हवर टाकायला गेले तर ऑपरेशन नॉट परमिटेड. पेन ड्राइव्हची आतली मांडणी फॅट३२, त्याला सिमलिंक हा प्रकारच माहीत नाही. त्यातच मागच्या खेपेचं कोडं सुटलं, मागे कुणीतरी असंच पेन ड्राइव्हवरून सामान नेलं असणार, लिंका वाटेत गळाल्या असणार आणि मग हाताने जशा आठवल्या तशा परत केल्या असणार, त्यातल्याच त्या अकरा तुटक्या. आता सगळं टारमध्ये, म्हणजे एकाच मोठ्या फाइलीत, बांधून नेते, टार लिंकेला लिंक म्हणूनच सांभाळतं. पण फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी राहत नाही आणि आमचा टार त्याच्या वर गेला, म्हणून शेवटी पेन ड्राइव्हच ईएक्सटी४, म्हणजे लिनक्सच्या मांडणीचा, करून टाकला. विंडोजवाल्यांना तो दिसणार नाही पण हा फक्त याच कामाचा ठेवायचा, त्याला लाल दोरा बांधलाय.

आणखी एक. टार उघडल्यावर दोन लिंका लाल दिसायला लागल्या. रीडलिंक मारून बघितलं तर आत माझ्या लॅपटॉपच्या होम फोल्डरचा पूर्ण पत्ता. इथे ते फोल्डरच नाही. म्हणजे लिंक शाबूत आली, पत्ता मात्र दुसऱ्या गावचा. भांडाराच्या आतल्या आत ज्या लिंका आहेत त्या सगळ्या रिलेटिव्ह करून टाकल्या, म्हणजे ‘इथून एक पायरी वर आणि मग त्या खोलीत’ अशा, मग अख्खं घर उचलून कुठेही ठेवलं तरी आतली वाट तीच राहते. डेबियनच्या पॉलिसीतही असाच नियम आहे, मुळाखालच्या एकाच डिरेक्टरीच्या आतली लिंक रिलेटिव्ह आणि एका मुळातून दुसऱ्या मुळात जाणारी पूर्ण पत्त्याची. आधी वाचलं होतं तेव्हा नुसताच नियम वाटला होता, आज कळलं कशासाठी ते.

३ ऑगस्ट, रविवार

तीन नंबरचं मशीन. हे नीट लिहिते कारण ह्याच्यासाठी सकाळपासून बसलेय आणि अशी चूक मी स्वतःही पूर्वी केलेली आहे.

तक्रार काय तर त्या मशीनवर काहीही घालायला गेलं की एपीटी म्हणतं अनमेट डिपेंडन्सीज, म्हणजे कुणाला तरी लागणारं सामान मशीनवर नाही, आधी हे दुरुस्त करा. एक साधा फॉन्टसुद्धा घालू देत नाही. बघितलं तर पुस्तकांवर लावायच्या बारकोड चिठ्ठ्या छापायचा एक प्रोग्रॅम कुणीतरी बाहेरून आणून घातलाय, त्याच्या डेब फाइलला लिबएसएसएल१.१ ही लायब्ररी (पुस्तकांची नव्हे, अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो कोड) पाहिजे, आणि डेबियन १२ मध्ये ते नाही, तिथे ३ आहे. डीपीकेजी, म्हणजे एपीटीच्या हाताखालचं डेब फाइल प्रत्यक्ष घालणारं टूल, स्वतः डिपेंडन्सी शोधून आणत नाही, नसेल तर नाही म्हणतं, पण त्याला फोर्स डिपेंड्स म्हणून ढकललं की मुकाट्याने घालतं आणि मग एपीटीला रोज ती तुटलेली बाजू दिसत राहते. घालणाऱ्याने पुढे जाऊन लायब्ररीच्या फोल्डरमध्ये एक सिमलिंक केलेली: नाव लिबएसएसएल डॉट एसओ डॉट १.१, बोट मात्र डॉट एसओ डॉट ३ कडे. म्हणजे दारावर जुन्या भाडेकरूची पाटी आणि आत नवीन माणूस.

तरी प्रोग्रॅम चालत नव्हताच. टर्मिनलमधून चालवल्यावर म्हणतो, त्या फाइलीत ओपनएसएसएल_१_१_० व्हर्जन सापडलं नाही. बरोबरच आहे. लायब्ररीच्या आतल्या प्रत्येक फंक्शनला व्हर्जनचा शिक्का असतो, १.१ वाल्यात एक शिक्का, ३ वाल्यात दुसरा. नाव बदलून शिक्का बदलत नाही.

मुलगी शेजारी बसली होती म्हणून तिच्यासाठी आणि स्वतःसाठीही वहीत तीन पायऱ्या काढल्या. कुठलीही लायब्ररी घे, तिला साधारण तीन नावं असतात. सगळ्यात लांब नाव म्हणजे खरी फाइल, १.२.३ असं काहीतरी शेवटी असलेलं. त्याच्यावर एक लिंक, शेवटी फक्त १, हे एसओनेम, चालताना प्रोग्रॅम हेच नाव हाक मारतो. तिसरी लिंक नुसत्या डॉट एसओ नावाची, ती फक्त प्रोग्रॅम बांधताना लागते आणि म्हणून ती वेगळ्या डेव्ह पॅकेजमध्ये येते. मधली लिंक एलडीकॉन्फिग करतं आणि ते फाइलीच्या आत लिहिलेलं एसओनेम वाचून करतं, आपल्या मनाने नाही. लायब्ररी लिहिणाऱ्यांनी आतली रचना अशी बदलली की जुने प्रोग्रॅम मोडतील, तेव्हा ते एसओनेमचा आकडा बदलतात. हा आकडा म्हणजे तोडलेला करार आहे. डेबियन तोच आकडा पॅकेजच्या नावातही घालतं, लिबएसएसएल१.१ आणि लिबएसएसएल३ ही दोन वेगळी पॅकेजं, म्हणून दोन्ही एकाच मशीनवर शेजारी शेजारी राहू शकतात.

ती म्हणाली, मग ताई जुनं १.१ डेबियन ११ मधून आणून घालूया की. घालता येतं, खरं आहे. पण ओपनएसएसएल १.१.१ चा (लिबएसएसएल१.१ त्याचाच भाग) मूळ सपोर्ट ११ सप्टेंबर २०२३ ला संपलाय आणि हा प्रोग्रॅम नेटवर जातो, ज्या मशीनवर पोरं बसतात तिथे मी ते घालणार नाही.

त्या लिंकेचा मालक कोण ते डीपीकेजीला मोठा एस देऊन विचारलं, उत्तर: कुठल्याच पॅकेजमध्ये असा पत्ता नाही. अकरापैकी आणि न तुटलेल्यांपैकी ज्या ज्या लिंकांना मालक नाही त्या सगळ्या वहीत उतरवल्या आणि एकेक करून काढल्या. (एक लक्षात ठेवायचं: डेबियन १२ मध्ये यूएसआर बिनमधला एलएस विचारला तर डीपीकेजी सापडत नाही म्हणतं आणि नुसत्या बिनमधला विचारला तर कोअरयूटिल्स म्हणतं, कारण त्याच्या यादीत जुना पत्ता लिहिलाय. म्हणून बेवारस ठरवायच्या आधी दोन्ही पत्ते विचारायचे, नाहीतर चांगली फाइल उडवून बसाल.)

मग तो प्रोग्रॅम काढला, एपीटी लगेच शांत झालं. चिठ्ठ्यांचं काय, तर सीयूपीएसमध्ये (लिनक्सची छपाईची व्यवस्था) तो प्रिंटर तसाही दिसत होता, लिब्रेऑफिसमध्ये लेबलांचा तयार नमुना आहे, त्यात मापं टाकली, काकांनी स्वतः पहिलं पान छापलं. दुपारी काकांच्या घरून भाकरी आणि झुणका आला.

मनात एकच गोष्ट पक्की बसली आज. लिंक केली म्हणजे गरज भागली असं होत नाही, गरज डिपेंड्समध्ये लिहायची असते, कारण ती ओळ एपीटी वाचतं आणि पाळतं, लिंक कुणीच तपासत नाही.

१० ऑगस्ट, रविवार

काल डेबियन १३ आलं. सर, म्हणजे शाळेतले कन्नडचे सर, मोबाइलवर बातमी दाखवत आले की घालूया का. नको, आत्ता नको. मुख्य म्हणजे ३२ बिटच्या जुन्या मशीनसाठी १३ मध्ये कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि इन्स्टॉलर दोन्ही बंद केलेत, म्हणजे आपली दोन मशीनं १२ वरच राहणार. सात मशीन १३ वर आणि दोन १२ वर ठेवली तर भांडारं दोन सांभाळायची. यंदा सगळी १२ वर.

पण १३ मधली एक गोष्ट बघून ठेवली. तिथे लिबएसएसएल३ चं नाव लिबएसएसएल३टी६४ झालंय. १९ जानेवारी २०३८ ला ३२ बिटचं घड्याळ भरून वाहणार, त्याच्यासाठी वेळेचा आकडा मोठा केला आणि ज्या लायब्ऱ्यांवर त्याचा परिणाम होतो त्यांच्या पॅकेजांना हे शेपूट लागलं. मग जुनं नाव मागणारी पॅकेजं मोडतील ना? ६४ बिटवर मोडत नाहीत, कारण तिथे आतून काहीच बदललेलं नाही म्हणून नवीन पॅकेज प्रोव्हाइड्समध्ये सांगतं की जुन्या नावानेही मीच.

सरांना हे लगेच पटलं, आपल्याकडे समजायला सोपंच आहे. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं. सरकारी कागदावर बेळगावी, आमच्या आजीच्या तोंडी बेळगाव, आणि पाकिटावर काहीही लिहिलं तरी पोस्टमन तेच घर गाठतो कारण गाव तेच आहे. प्रोव्हाइड्स म्हणजे हेच, नाव दोन आणि आत खरोखर तीच वस्तू. मागच्या रविवारची ती खोटी लिंक दिसायला अशीच होती, पण तिथे आतली वस्तू वेगळी होती. सर म्हणाले आयतु, कळलं.

१७ ऑगस्ट, रविवार

भांडार उभं केलं. एक नंबरच्या मशीनवर, बाकीची आठ त्याच्याकडून लॅनवर घेणार. पूल नावाच्या एका फोल्डरमध्ये दोन्ही प्रकारच्या डेब फाइली, मग डीपीकेजी स्कॅनपॅकेजेसला आर्किटेक्चर (३२ बिट का ६४ बिट ते) सांगून दोनदा यादी केली. फॉन्टांसारखी पॅकेजं ‘ऑल’ प्रकारची असतात, कुठल्याही मशीनला चालतात, ती दोन्ही याद्यांत आपोआप येतात. रिलीज फाइलवर सहीसुद्धा केली, ट्रस्टेड यस (सही न तपासता विश्वास ठेव) लिहून भागवणार होते पण पुढे कोण सांभाळेल माहीत नाही, सही असलेली बरी.

प्रत्येक खेपेचं सामान तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवते आणि ‘चालू’ नावाची एक सिमलिंक सध्याच्या तारखेकडे. काही बिघडलं तर लिंक मागच्या तारखेकडे वळवायची, दोन सेकंदांचं काम. जुन्या आणि नव्या फोल्डरात बऱ्याच फाइली त्याच असतात, त्या सीपीला ए आणि एल देऊन हार्ड लिंक केल्या. हार्ड लिंक म्हणजे चिठ्ठी नाही, एकाच वस्तूला दुसरं खरं नाव, एक नाव पुसलं तरी दुसऱ्याने वस्तू राहते आणि डिस्कवर जागा एकदाच लागते. फक्त दोन्ही नावं एकाच फाइलसिस्टिमवर पाहिजेत.

यात दोन ठेचा लागल्या.

पहिली: आठही मशीनांना ४०३, म्हणजे परवानगी नाही. एलएस एलमध्ये ‘चालू’पुढे एल आणि मग आरडब्ल्यूएक्स तीनदा, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं असं दिसत होतं म्हणून मी अपाचेचीच (लॅनवर फाइली वाटणारा वेब सर्व्हर) फाइल तासभर चाळत बसले. सिमलिंकेपुढे ते कायम तसंच दिसतं, त्याला काही अर्थ नाही. परवानगी मोजली जाते ती लिंक जिथे नेते तिथली, आणि वाटेतल्या प्रत्येक फोल्डरची. मी सामान माझ्या होम फोल्डरमध्ये ठेवलेलं आणि ते ०७००, म्हणजे माझ्याशिवाय कुणालाच आत प्रवेश नाही, अपाचे उंबऱ्यावरच अडकला. नेमआय एलने एकेक पायरी दाखवली तेव्हा दिसलं. सगळं हलवून एसआरव्हीमध्ये ठेवलं.

दुसरी: नवीन तारखेकडे लिंक वळवायला एलएन ला एस आणि एफ दिलं, एरर नाही, पण ‘चालू’ अजून जुन्याच तारखेकडे. झालं होतं असं की ‘चालू’ ही डिरेक्टरीकडे जाणारी लिंक असल्याने एलएन तिच्यातून आत शिरलं आणि जुन्या फोल्डरच्या पोटात नवीन लिंक करून आलं. एन पण द्यायचा असतो, म्हणजे लिंकेलाच लिंक समज, आत जाऊ नको. मी आता आणखी जपून करते: तात्पुरत्या नावाने नवीन लिंक करायची आणि एमव्हीला मोठा टी देऊन ‘चालू’वर ठेवायची. रीनेम एका झटक्यात होतं, मधे कुणी मशीन भांडाराकडे आलं तर त्याला जुनं तरी दिसतं नाहीतर नवीन, रिकामं दार कधी दिसत नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

बुधवारी गणपती, सगळे मांडवात. थोडंच काम.

काकांच्या रजिस्टरमध्ये ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन मशीनांवर मोडका दिसायचा, ऱ्यचा तो चंद्रकोरीसारखा भाग सुटून पडायचा. फॉन्ट तर सगळीकडे सारखे घातलेत. कारण निघालं फॉन्टकॉन्फिगच्या (कुठला फॉन्ट वापरायचा ते ठरवणारी व्यवस्था) कॉन्फ.डी फोल्डरमध्ये. तिथे आकड्यांनी सुरू होणाऱ्या फाइली असतात, बहुतेक सगळ्या सिमलिंका, खरी फाइल दुसरीकडे, आणि त्या आकड्यांच्या क्रमाने वाचल्या जातात. या दोन मशीनांवर कुणीतरी हाताने एक लिंक घातली होती जी एका जुन्या देवनागरी फॉन्टला पुढे ढकलत होती. काढली, एफसी कॅश परत केला, एफसी मॅचला मराठी भाषा सांगून विचारलं तर योग्य फॉन्टचं नाव आलं. काकांनी चष्मा पुसून तो शब्द वाचला, मग खालची ओळही वाचली, मग पान उलटून पुढचंही.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन, रात्रभर झोप नाही, तरी आले कारण पुस्तकांचं पॅकेज राहिलं होतं.

मेटापॅकेजशिवाय आमचं दुसरं पॅकेज आहे, त्यात वाचनालयाने स्वतः स्कॅन केलेली जुनी कागदपत्रं आणि मुलांसाठी सरांनी लिहिलेले दोन भाषांतले धडे. पहिल्या व्हर्जनमध्ये सगळं यूएसआर शेअरच्या खाली एका डिरेक्टरीत होतं. ते वाढत चाललं म्हणून दुसऱ्या व्हर्जनमध्ये फाइली एसआरव्हीमध्ये नेल्या आणि जुन्या जागी एक सिमलिंक ठेवली, म्हणजे डेस्कटॉपवरचे जुने पत्ते चालत राहतील. कोऱ्या मशीनवर घालून बघितलं, उत्तम. पाच नंबरवर, जिथे पहिलं व्हर्जन होतं, तिथे अपग्रेड केलं, एकही एरर नाही, आणि फोल्डर उघडलं तर रिकामं.

अर्धा तास मला वाटत राहिलं की फाइली पॅकेजमध्येच आल्या नाहीत. आल्या होत्या, एसआरव्हीमध्ये बरोबर बसल्या होत्या. झालं काय, तर डीपीकेजी अपग्रेड करताना डिरेक्टरीच्या जागी सिमलिंक ठेवत नाही, आणि सिमलिंकेच्या जागी डिरेक्टरीही नाही. जुनी डिरेक्टरी तशीच राहू देतं, मग जुन्या फाइली नव्या यादीत नाहीत म्हणून काढून टाकतं, मागे उरतो मोकळा वाडा. आधी राग आला पण नंतर पटलं. समजा काकांनी स्वतः डिस्क भरली म्हणून ते फोल्डर दुसरीकडे हलवून लिंक केली असती, तर अपग्रेडने ती मोडली तर चाललं असतं का? नाही. मशीन सांभाळणाऱ्याने केलेली मांडणी डीपीकेजी मोडत नाही, बदल हवा असेल तर पॅकेज करणाऱ्याने तोंडाने सांगायचं.

सांगायची रीत: डीपीकेजी मेंटस्क्रिप्ट हेल्पर, त्यात डिर टू सिमलिंक. जुना पत्ता, नवीन पत्ता आणि कुठल्या व्हर्जनपर्यंत हे लागू ते द्यायचं, आणि तीच ओळ प्रीइन्स्ट, पोस्टइन्स्ट आणि पोस्टआरएम (पॅकेज घालताना-काढताना चालणाऱ्या स्क्रिप्टा) तिन्हीत पाहिजे, एकात घातली आणि दोनात विसरली तर अर्धवट राहतं. शेवटी तिरकी रेघ द्यायची नाही. डेबहेल्पर (पॅकेज बांधायला मदत करणारं टूल) वापरला तर एका मेंटस्क्रिप्ट फाइलीत एकदा लिहून तिन्हीकडे जातं, तसंच केलं. व्हर्जन ३. पाच नंबरवर परत अपग्रेड, फोल्डरच्या जागी निळसर लिंक आली आणि आत धडे दिसले.

आणि या पॅकेजच्या डिपेंड्समध्ये पीडीएफ बघायचा प्रोग्रॅम घातलाच नव्हता, तोही घातला. मेटापॅकेजमुळे तो होताच म्हणून कधी कळलं नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या भरवशावर आपली गरज लिहायची राहिली होती.

१४ सप्टेंबर, रविवार

नऊच्या नऊ झाली. सकाळी साडेनऊला सुरू केलं, मुलीने दोन नंबरपासून पाच नंबरपर्यंत स्वतः केली, मी फक्त मागे उभी होते. प्रत्येकावर चार गोष्टी बघितल्या: एपीटी चेक गप्प आहे का, तुटक्या लिंका किती, डीपीकेजी मोठा व्ही काही बदललेलं सांगतो का, आणि ‘दुसऱ्या’ नीट दिसतं का. सहा नंबरवर एक तुटकी लिंक निघाली, मालक विचारला तर एका पॅकेजचीच होती, सजेस्ट्समधलं पॅकेज आलं की जुळणारी, ती तशीच ठेवली.

लॅनची केबल काढून भांडार बंद असताना काय होतं तेही बघितलं, एपीटी अपडेट कुरकुर करतं पण घातलेलं सगळं चालत राहतं.

नियमित सपोर्ट डेबियन १२ ला जून २०२६ पर्यंत आहे, त्याच्या आत सात मशीनांचं ठरवायचं. ३२ बिटच्या दोघांवर चिठ्ठी लावली, १२ वरच ठेवा, १३ घालू नका, वर मराठीत मी लिहिलं, खाली कन्नडमध्ये सरांनी, आणि चिकटपट्टी काकांनी लावली.